झोपलेल्याच्या वाटचा ठोका

त्या दिवशी मी घरातून निघालो तो नुसता जेवण पोचवायला. केळीच्या पानात बांधलेला भात, त्यावर खोबरं घातलेली कोवळ्या फणसाची भाजी, आणि बाटलीत आलं-वेलदोड्याची कॉफी. पंपाच्या खोलीत फथोनी उपाशी बसला होता. उपाशी इंजिनिअर भुकेल्या बोक्याहून वाईट. बोका निदान ओरडतो तरी, हा नुसता पडद्याकडे बघत राहतो.

हसू नका. गोष्ट भुताचीच आहे. ती भातापासून सुरू झाली त्याला मी काय करू?

आमची वस्ती जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पेकालोंगान शहराच्या खाली. खाली म्हणजे खरोखरच खाली. जमीन दरवर्षी खचते, समुद्र दरवर्षी चढतो, आणि भरतीचं पाणी न विचारता गल्लीत शिरतं. माझ्या घरात मी इतक्यांदा भराव घातलाय की आता दारातून वाकून आत जावं लागतं. बायको म्हणते, "बरं झालं, मान खाली घालून घरात यायला शिकलात एकदाचे!"

हे पाणी बाहेर फेकतो तो बांधावरचा पंप. त्याच्या शेजारचं, सगळ्यात सखल घर रोयानाहचं. रोयानाह बाटिकच्या कापडावर मेणाची नक्षी काढते. तिची आई तुरिपाह आजी अंथरुणाला खिळलेली. बाजेखाली विटा रचून रचून ती बाज पार खिडकीपर्यंत पोचली होती. दुसरीकडे चल म्हटलं की आजी डोळे मिटून घ्यायची. त्यामुळे पंप थांबला की पहिलं पाणी तिच्या अंथरुणाला लागणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पूर्वी पंपावर कांग दुलकामित असायचा. कांग म्हणजे आमच्याकडे दादा. दिवसा पंप, रात्री गस्त. गस्तीवर दोघं असतात, आणि थोड्या थोड्या वेळाने पोकळ ओंडक्यावर दांडक्याने ठोका द्यायचा असतो. ठोका म्हणजे "मी जागा आहे." ठोके थांबले की लोकांनी काठ्या घेऊन बाहेर पडायचं. आता जोडीदार पेंगला तर? मग दुसऱ्याने त्याच्या वाटचाही ठोका द्यायचा, म्हणजे सकाळी बिचाऱ्याला बोलणी बसत नाहीत. ही आमच्यातली जुनी रीत. दुलकामित ती इतक्या मनापासून पाळायचा, की त्याचा जोडीदार व्हायला लोक भांडायचे. त्याच्याबरोबर गस्त म्हणजे पगारी झोप!

तो वारला आणि त्याच्या जागी तळहाताएवढा कॉम्प्युटर आला. खाऱ्या हवेने खराब होऊ नये म्हणून लोखंडी पेटीत सीलबंद. पेटीला एक काचेची खिडकी, आणि बाहेर आलेल्या दोन तारा, एक पडद्याची, एक कीबोर्डची. बसवणाऱ्यांनी पंपाचं हातबटण काढून नेलं, विजेच्या खांबावरच्या मेन स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली शहरात नेली. म्हणाले, "आता माणसाची गरज नाही." मी म्हणालो, "मग मी घरी जाऊन मरू का?" कुणी हसलं नाही. सरकारी माणसं.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. मास्तरांच्या खुर्चीवर दुरियान फळाचं काटेरी साल ठेवलं आणि शाळा संपली. पण जन्मभर रेडिओ उघडले, त्यामुळे फथोनी मला शेजारी बसू देतो. मी त्याला प्रोफेसर म्हणतो. तो मला म्हणतो, "पाक वागिमिन, हात लावू नका." पाक म्हणजे काका, वागिमिन माझं नाव.

पोरगा मात्र हुशार, उगाच कशाला खोटं बोलू. कर्नेल म्हणजे काय हे त्यानेच मला शिकवलं. यंत्राचा गाभा. तो घडवायचा तर पडद्यावर लांबलचक यादी येते. आवाज हवा? कॅमेरा हवा? हे हवं, ते हवं? प्रत्येकाला होय किंवा नाही म्हणायचं. छोट्या यंत्राच्या पोटात जागा थोडी, म्हणून नको ते सगळं छाटायचं. आम्ही त्याला बहिरा केला, मुका केला, छपाईचं यंत्र नावाची चीज जगात असते हेही विसरायला लावलं. सासुरवाशिणीलासुद्धा इतकं सोडावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र ठेवली होती. पेटीत एक वेगळी चिप आहे, तिला वॉचडॉग म्हणतात. पंप चालवणाऱ्या प्रोग्रामने दर थोड्या वेळाने तिला कर्नेलमार्फत एक ठोका द्यायचा. ठोका पडला की काचेमागे लाल दिवा लुकलुकतो. मिनिटभर ठोका नाही पडला, तर यंत्राला झोप लागली असं समजून चिप त्याची मान धरून त्याला पुन्हा सुरू करते.

"म्हणजे गस्तच की रे," मी म्हणालो होतो.

"गस्तच," फथोनी म्हणाला होता. "फक्त इथे जोडीदार नाही."

आणि तरी मागच्या भरतीला यंत्र झोपलं, पंप थांबला, पाणी आजीच्या विटांना लागलं, आणि चिपने मान काही धरली नाही. यंत्र ठार झोपलेलं आणि लाल दिवा आपला लुकलुकत राहिलेला! वस्तीने बादल्यांनी रात्र काढली. आज पौर्णिमेची मोठी भरती. ती यायच्या आत दोष सापडायला हवा होता.

"सापडला!" मी डबा उघडत होतो तेवढ्यात फथोनी ओरडला. "पाक, हे बघा. कर्नेलमध्ये एक सोय असते. प्रोग्राम जागा होईपर्यंत कर्नेल स्वतःच चिपला ठोके देतो. ती चालू राहिलीय. म्हणून प्रोग्राम मेला तरी ठोके पडत राहिले."

"म्हणजे तुझंच पाप."

"माझंच. आधी भात द्या."

त्याने त्या सोयीला नाही म्हटलं, नवा कर्नेल घडवला, यंत्र सुरू केलं आणि मुद्दाम पंपाचा प्रोग्राम झोपवला. ओहोटी होती, पंप थांबला तरी चालणार होतं. आम्ही काचेकडे बघत बसलो. आता ठोका द्यायला कुणी नाही. मिनिटात यंत्र पडून पुन्हा उठायला हवं.

दिवा लुकलुकला.

मी भात चावत होतो. पुन्हा लुकलुकला. शांतपणे, घाई नाही, पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखा.

"तुझी सोय गेली नाही वाटतं, प्रोफेसर."

"गेलीय..." तो म्हणाला. त्याने पडदा तपासला. पुन्हा तपासला. "गेलीय, पाक."

"मग तो वॉचडॉगचा भागच उपटून टाक. चिप राहू दे, पण कर्नेलला ती आहे हेच कळता कामा नये. हातच नसेल तर ठोकेल कशाने?"

"मग यंत्र दर मिनिटाला पडत राहील."

"तेच तर बघायचंय. पडायला तरी शिकू दे."

त्याला पटलं. यंत्राच्या मेमरी कार्डावर जुना कर्नेल राखीव होता. नवा पडला की यंत्राने जुना घेऊन उठायचं आणि पंप आपोआप चालू करायचा, असं त्याने लावून ठेवलं होतं. जुना झोपाळू का होईना, पंप चालवत होता. त्यामुळे आम्ही बेफिकीर. यादीत कात्री चालवताना मीही बोट दाखवलं, "हे काय? हेही काढ. तेही काढ." खरं सांगतो, मजा येत होती.

नवा कर्नेल घडेपर्यंत आकाश भरून आलं. भर दुपारी खोलीत काळोख दाटला. चिखलाचा, खाऱ्या कुजलेल्या लाकडाचा आणि रोयानाहच्या चुलीवरच्या मेणाचा वास एकमेकांत मिसळला होता. फथोनीने नवा कर्नेल चढवला, पंपाचा प्रोग्राम मुद्दाम झोपलेलाच ठेवला. यंत्र उठलं. आता कर्नेलला चिपचा पत्ता नव्हता. ठोकायला हात नव्हता.

दिवा लुकलुकला.

फथोनीच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. तो पुटपुटत देवाचं नाव घ्यायला लागला.

"आधी यंत्र बंद कर, मग देवाला बोलव," मी म्हणालो.

त्याने कीबोर्डवर बोटं आपटली. काही नाही. पुन्हा आपटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "पाक... मघाशी तुम्ही 'हेही काढ' म्हणालात... ते काय होतं माहितीय?"

"काय?"

"कीबोर्ड."

तेवढ्यात पलीकडून रोयानाहची हाक आली. "अहो पाक! पंप का बंद आहे? पाणी उंबऱ्याला लागलंय!"

भरती लवकर आली होती. बांधाच्या फटींतून पाणी आत येत होतं, आवाज न करता, मांजरासारखं. बघता बघता आमच्या घोट्यांना लागलं. पंप थांबलेला. कीबोर्ड मेलेला. पेटी सीलबंद, विजेला कुलूप, किल्ली शहरात. आता हे यंत्र फक्त चिपच पाडू शकत होती. एक मिनिट ठोका नाही पडला की झालं. एकच मिनिट!

आणि दिवा लुकलुकत होता.

"आईला उचलायला या ना कुणी तरी!" रोयानाह ओरडली. "पाणी बाजेला पोचेल!"

फथोनी धावला. मी दाराशी उभा राहून काचेकडे बघत राहिलो. आता पाणी गुडघ्याकडे येत असताना माणसाला अक्कल सुचते की नाही, सांगा. पण मला ते एकदम ओळखीचं वाटलं. ती संथ चाल. तो न चुकणारा चांगुलपणा. जोडीदार पेंगलाय, त्याला बोलणी बसू नयेत म्हणून कुणी तरी त्याच्या वाटचा ठोका देत होतं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि, लाज कसली, थोडं हसूही आलं. मेला तरी सुधारला नाही!

"कांग," मी म्हणालो. खोलीत कुणी नव्हतं. "कांग दुलकामित... तूच ना?"

दिवा लुकलुकला.

"दादा, हा जोडीदार नाही रे. हे यंत्र आहे. त्याला झोप लागली तर लागू दे, त्याला बोलणी बसू देत, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. तू ठोके देतोस म्हणून त्याला कुणी उठवत नाही. तिकडे तुरिपाह आजी बुडेल..."

दिवा लुकलुकला. पण या वेळी जरा उशिराने. कुणी तरी दांडकं वर धरून ऐकत असल्यासारखा.

मग मला जोर चढला. माझी जीभ अशीच आहे, एकदा सुटली की थांबत नाही. "लोखंडाला कसला सांभाळत बसलायस? ठोके द्यायचेच असतील तर माणसांच्या वाटचे दे! जा!"

खोली गार पडली. पाण्यावरून एक शेवाळी वास गेला, माझ्या अगदी जवळून, दाराकडे. मी बाजूला सरलो. का सरलो, माहीत नाही. गल्लीतून कुणी जाताना सरतो तसा सरलो.

दिवा विझला.

मी मनात साठपर्यंत आकडे मोजले. मग काचेमागे खटकन आवाज झाला, पडदा काळा झाला, उजळला, त्यावरून अक्षरं धावली, आणि पंप खोकला. खोकला आणि धडधडायला लागला! असा गोड आवाज मी माझ्या लग्नाच्या बाजालाही ऐकला नव्हता.

पाणी उतरायला लागलं तसा फथोनी धापा टाकत परत आला. "पडलं? कसं पडलं?"

"मी दम दिला."

"कुणाला?"

"तुला नाही कळायचं, प्रोफेसर. तू कीबोर्ड शोध."

त्याने पुढचं काम चोख केलं. वॉचडॉग परत घातला, कीबोर्ड परत घातला, कर्नेलची ती स्वतःहून ठोके देण्याची सोय मात्र बंद ठेवली. मग प्रोग्राम मुद्दाम झोपवला. दिवा थांबला, मिनिट सरलं, यंत्र पडलं आणि उठलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मी छाती काढून रोयानाहच्या घरी गेलो. वस्ती वाचवणाऱ्या माणसाला कॉफी तरी मिळायला हवी.

घरात भिंतींवर ओलीची रेघ होती. आजीच्या बाजेखालची वरची वीट कोरडी होती. आजी डोळे मिटून पडली होती, छातीपर्यंत तपकिरी बाटिक ओढलेलं.

"दगदगीने दमलीय," रोयानाह म्हणाली. चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू होतं. "मी आणि फथोनीदादाने उचलून धरलं होतं ना, तेव्हा एकदम सैल पडली. मला वाटलं, गेली! मी रडायलाच लागले. आणि तेवढ्यात तुमचा पंप सुरू झाला, आणि हिची नाडी परत लागली. परवा नर्सला सापडत नव्हती, आता बघा कशी आहे. बघा ना, पाक."

मी मनगट धरलं. नाडी होती. ठळक, संथ, न चुकणारी.

हात विहिरीच्या दोरासारखा गार होता.

मी छातीवरच्या कापडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यावरच्या नक्षीतला एकही पक्षी हलला नाही. एक डास आजीच्या ओठावर येऊन बसला, तिथे फिरला, आणि काही न घेता उडून गेला.

बोटांखाली नाडी चालूच होती.

काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. पंपाच्या खोलीत तेच बोलून आलो होतो. मी तोंड उघडलं. रोयानाह कॉफीचा पेला घेऊन समोर उभी होती.

"लागतेय ना?" तिने विचारलं.

"लागतेय," मी म्हणालो.

पंप आता नीट चालतो. आजी अजून त्याच बाजेवर आहे. रोयानाह तिच्या ओठांना केळ्याचा लगदा लावते, तो तसाच सुकतो. नर्स येते, मनगट धरते, नाडी उत्तम आहे म्हणते, आणि रोयानाहने केलेली कॉफी न घेताच निघून जाते.