शेडमधला पाचवा माणूस

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी माझ्यासोबत घडलेलं सांगतोय, आणि रागाने सांगतोय.

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागांच्या मागे एक खाजगी फॅक्टरी आहे. नाव लिहीत नाही. तिथे तोफगोळ्यांत दारू भरतात. मी, धम्मपाल, आठ वर्षं तिथल्या एका शेडचा मुख्य कामगार होतो.

शेडच्या दारावर पाटी असते. माणसे : ४.

म्हणजे उडालीच, तर चारच जावेत. पाचवा आत नको.

दाराशी तांब्याची पट्टी असते. आत जाताना प्रत्येकाने तिच्यावर उघडा हात मारायचा. अंगातली वीज जमिनीत उतरते. त्या थापा ऐकूनच मी माणसं मोजायचो.

गेल्या वर्षी सीमेवर तणाव वाढला आणि ऑर्डरी दुप्पट झाल्या. साहेबांनी पाचवा माणूस आत घुसवला. बुधा. सुरगाण्याकडचा, ठेकेदाराचा. सांडलेली दारू ओल्या फडक्याने पुसायचा. कागदावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी तोंड उघडलं नाही. नोकरी प्यारी होती.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. दुपारचे साडेबारा. आम्ही चौघे जेवायला बाहेर पडलो. बुधा पुसत आत राहिला...

शेड उडाली.

देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरी माझे कान तीन दिवस बंद होते.

साहेबांनी लिहून घेतलं की चौघे बाहेर होते, आत कुणीच नव्हतं, आणि बुधा त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. पहाटेपर्यंत सगळा मलबा उचलून नेला. मी सही केली. थू माझ्या जिंदगीवर.

त्याची बायको नवसाबाई रोज गेटवर येऊन बसायला लागली. रडायची नाही, भांडायची नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची, तो आत होता का नव्हता.

आम्ही खाली मान घालून जायचो.

फेब्रुवारीत त्याच जोत्यावर नवी शेड उभी राहिली. पहिला दिवस, सकाळचे आठ. आम्ही एकेक करून आत गेलो.

थाप... थाप... थाप... थाप.

मी दार लावायला वळलो...

थाप.

दारात कुणीच नव्हतं.

राकेश माझ्याकडे बघत होता. तो जुन्या चौघांतलाच. त्यालाही ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशीही पाच.

कुठे दारू सांडली की मी फडकं घ्यायला वळायचो. परत येईपर्यंत...

जमीन पुसलेली. ओली.

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. मग मी बाहेर पडतानाही पट्टीला हात लावायचा नियम केला. मला मोजायचंच होतं.

आत जाताना पाच थापा. बाहेर येताना चार.

रोज.

एका दुपारी राकेश दारातच रडायला लागला. म्हणाला, "अरे, तो बाहेर येतच नाही."

त्याच दिवशी मी स्फोटाची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला खरं लिहून दिलं. बुधा आत होता. दुसऱ्या सकाळी गेटवर माझा पास काढून घेतला. साहेब खिडकीतून बघत होते. लढाईत मेलेल्याचं नाव दगडावर कोरतात. त्याच लढाईचे गोळे भरताना मेलेल्याचं नाव यांच्या हजेरीतसुद्धा नाही, आणि भिंतीवर देशभक्तीच्या पाट्या लावायला यांना लाज वाटत नाही.

मी नवसाबाईसमोर जमिनीवर बसलो.

"वहिनी, तो आत होता."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "सपनात येतो ना. घरी चल म्हनलं तर नाय म्हनतो. धम्मपालदादानं सांगितलंय म्हनतो, मी येतो तवर हलू नको."



हे मी जेवायला निघताना बुधाच्या कानाशी बोललो होतो. कुणीही ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्याला दिलेल्या कागदातही मी ते लिहिलं नव्हतं.

ती शांतपणे म्हणाली, "मंग जा ना आत, दादा. सुट्टी झाली म्हनून सांग त्याला."

मी उठलो. वॉचमनने मला हाताला धरून मागे ढकललं.

शेड आजही तीन पाळ्यांत चालू आहे. मी रोज गेटवर जातो. मला अजून आत सोडलेलं नाही.