दारात चिमटलेली वायर

ही थाप नाही. माझे मामा थापा मारण्यात पटाईत आहेत, पण हे सांगताना ते कधीच हसत नाहीत. आणि रात्रीबित्री नाही, गेल्या हिवाळ्यातल्या भर दुपारी घडलंय.

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची क्रेन मामा चालवायचे. खाणीच्या रस्त्यावर मोबाईल लागत नाही, म्हणून क्रेनमध्ये एक रेडिओ सेट आणि घरी दुसरा, मामीच्या ओट्याशेजारी.

क्रेनचा अँटेना मोडला. मेकॅनिक मामांचा शाळासोबती. त्याने बजावलं, "टपाच्या मधोमध भोक पाड आणि पक्का बसव. चुंबकाचा नुसता चिकटवलास, तर वायर दारातून आत घ्यावी लागेल. दार आपटून एक दिवस ती तुटेल."

पण नव्याकोऱ्या टपाला भोक? मामांच्या जिवावर आलं.

शिवाय चुंबकाचा अँटेना अंगणात पडलेलाच होता. दरीतून काढलेल्या ट्रकचा. त्याचा ड्रायव्हर दार न उघडल्यामुळे आतच दगावला होता. ते दार मामांनीच कापलं होतं.

अँटेनावर ओरखडासुद्धा नव्हता.

मामांनी तो पुसला, टपावर चिकटवला, वायर दारातून आत घेतली आणि कामावर निघाले.

खाणीच्या रस्त्यावर धुकं उतरलं. पुढचं काही दिसेना. मामांनी क्रेन कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

शांतता.

मग सेट खरखरला...

"अगं, ऐकू येतंय का?"

कोणीतरी बायकोला हाक मारत होतं. आवाज पार दमलेला.

"बोला," मामा म्हणाले. "कुठे आहात?"

"धुक्यात उभा आहे... दार उघडत नाही."

मामा सेटकडे वाकले. आवाज ओळखीचा होता.

त्यांनी दाराचा खटका ओढला.

दार उघडलं नाही.

पलीकडचंही नाही. काच खाली करायचा दांडा नुसताच गरगर फिरला. काचेवर पान्याने घाव घातले, तर साधा चरा उठेना. आत श्वास कोंडायला लागला. मामा घाबरले, अगदी रडकुंडीला आले. त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि घरी हाक मारली.

"अगं, ऐकू येतंय का? धुक्यात उभा आहे... दार उघडत नाही."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

हेच शब्द... हाच आवाज.

किती वेळ गेला, त्यांना सांगता येत नाही. धुकं विरलं तेव्हा खाणीच्या वॉचमनने बाहेरून दार ओढलं. ते सहज उघडलं.

मामा उतरले. दाराच्या फटीत अँटेनाची वायर दिसली.

तुटलेली. दोन टोकं वेगवेगळी.

घरी येऊन त्यांनी मामीला विचारलं, माझी हाक ऐकू आली का? मामी म्हणाली, आली की, सकाळीच. तिला वाटलं, अँटेना तपासताहेत. म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. मामा टपावर वाकलेले, वायर दातांत धरलेली. त्यांना बोलताच येत नव्हतं.

अँटेना मामांनी दरीत फेकला. पुढे क्रेनही विकली.

घरचा सेट मात्र अजून चालू आहे. परवा मी तिकडे जेवायला गेलो होतो. मामा माझ्यासमोर ताटावर बसलेले, आणि ओट्याशेजारून आवाज आला...

"अगं, ऐकू येतंय का?"

मामांनी मानसुद्धा वर केली नाही. जेवत राहिले.

मी मामीला बाजूला घेतलं. हा सेट बंद का करत नाहीस, म्हणून विचारलं. तिने एकदा मामांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली,

"हाक मारणारा त्यांचाच आवाज आहे रे. मग त्या दिवशी घरी कोण आलं?"

निघताना मामांनी नेहमीसारखा पाठीवर हात ठेवला. मी दचकलो, आणि ते त्यांना कळलं.