सिद्धम्माचं पाणी

यातलं एकही अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. माझे मिस्टर आसिफ म्हणतात, "कुठं लिहू नको, गाडी विकायची आहे." मी म्हटलं, त्याचसाठी लिहिते.

मी तबस्सुम. आम्ही धाराशिवचे. गेल्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तेरहून नळदुर्गला जाताना हे घडलं.

रात्र नव्हती. चांगलं ऊन होतं.

आसिफचं गॅरेज आहे. त्यांनी एक जुनी रुग्णवाहिका घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. मागं झोपायला दोन फळ्या, छोटा गॅस, बेसिन, टपावर पाण्याची टाकी. पुण्याकडची माणसं हल्ली असल्या गाड्या भाड्यानं घेऊन किल्ले बघत फिरतात म्हणे. धाराशिवची लेणी, तेरचं जुनं मंदिर, नळदुर्गचा किल्ला, सगळं एका फेरीत दाखवायचं असा बेत होता. पहिली फेरी घरच्यांनीच करून बघायची ठरली. आम्ही दोघं, पहिलीतली आमची यास्मिन आणि ड्रायव्हर गुरुलिंग.

गुरुलिंग मुरुमकडचा. ही गाडी रुग्णवाहिका होती तेव्हाही तोच चालवायचा. गाडीमागोमाग तोही आमच्याकडं कामाला आला. मी आसिफना चिडवायचे, "गाडीबरोबर हुंड्यात मिळाला काय हा?"

दसऱ्याला गॅरेजातल्या गाड्यांची पूजा होतेच. नारळ आसिफ आणतात, हार गुरुलिंग करतो. त्यानं बॉनेटला झेंडूचा जाड हार बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हाही हार टवटवीत होता.

सकाळी टाकी काठोकाठ भरली होती.

लेणी बघून आलो, चहा टाकायला नळ सोडला...

थेंब नाही.

आसिफ टपावर चढले, पाइप तपासले, गाडीखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी. "नवीन काम आहे, असेल कुठंतरी गळती," म्हणाले. मी म्हटलं, "गळती आहे तर ओल कुठं आहे?"

तेरला टाकी पुन्हा भरली. मंदिर बघून दुपारी नळदुर्गच्या वाटेला लागलो. तुळजापूर मागं पडलं तेव्हा यास्मिन मागं झोपली होती. आम्ही दोघं पुढं, गुरुलिंगच्या शेजारी.

आणि मागून आवाज आला.

घट्... घट्... घट्...

कुणीतरी घाईघाईनं पाणी पीत होतं. मला वाटलं यास्मिन उठली. मधल्या खिडकीतून बघितलं, तर ती गाढ झोपेत. आवाज तिच्या समोरच्या फळीवरून येत होता.

ती फळी रिकामी होती.

मी "यास्मिन" म्हणून हाक मारली. ती उठून बसली. ओठ पांढरे पडलेले, त्यांना भेगा पडलेल्या.

"अम्मी, पाणी. दादी सगळं पिऊन टाकती."

"कुठली दादी? आपली दादी तर घरी आहे."

"ती न्हाय. इथली. कपाळाला राख लावलीय तिनं. गळ्यात चांदीची डबी हाय."

गुरुलिंगनं एवढ्या जोरात ब्रेक मारला की माझं डोकं काचेवर आपटलं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी... त्याच्या समाजातल्या म्हाताऱ्या बायका असतात तशीच. यास्मिननं तसलं कुणी कधी जवळून बघितलेलं नव्हतं.

मी मागं जाऊन बसले. पोरीला बाटली दिली. तिनं संपवली. दुसरी दिली, तीही संपवली. तरी "पाणी, अम्मी" चालूच. अंग तापलं नव्हतं. पण जीभ खरखरीत झाली होती आणि डोळे आत गेले होते. सकाळी उड्या मारत लेण्याच्या पायऱ्या चढलेली माझी पोर. मी ओरडले, "गुरुलिंग, नळदुर्गला दवाखान्यात घ्या, लवकर."

गाडी सुसाट निघाली.

नळदुर्गच्या अलीकडं रस्त्याला एक पडका एसटीचा निवारा आहे. बरोबर त्याच्यासमोर इंजिन बंद पडलं.

आसिफ खाली उतरले. एवढी वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, त्यांना काही सापडेना. गुरुलिंग मात्र जागचा हलला नाही. त्या निवाऱ्याकडं बघत स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

मग... मागच्या दाराची कडी आतून फिरली.

मी तिथंच बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत फिरली. दार उघडलं, पण कुणी उतरलं नाही. यास्मिन त्या दाराकडं बघून म्हणाली, "ती म्हणती, इथंच उतरवलं होतं."

मी पुढं जाऊन गुरुलिंगची कॉलर धरली. "कुणाला उतरवलं होतं? बोला. माझी पोर चालली."

तो रडायला लागला.

"सिद्धम्मा म्हणून होती, भाभी. आमच्याकडचीच. धाराशिवच्या दवाखान्यात न्यायची होती. सून महादेवी संगं होती. दसऱ्याचा दिवस. सकाळीच पूजा केलेली, हार ताजा. इथवर आलो आन् म्हातारीला घरघर लागली. पाणी पाणी करायली. सून पाजायला गेली तर म्या बाटली हिसकून घेतली."

"का?"

"जीव पाण्यासाठी अडतो. तोंडात पाणी पडलं की सुटतो. पूजा केलेल्या गाडीत मयत नको म्हणलं. इथं खाली ठेवलं दोघींना. म्हणलं, दुसरी गाडी येतीया."

"आणि बाटली?"

तो परत निवाऱ्याकडं बघायला लागला.

"बाटली कुठं होती, गुरुलिंग?"

"माझ्यापाशीच राह्यली."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर हात उचलला. आसिफनी मला मागं ओढलं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. किल्लीला कुणाचाही हात लागला नव्हता.

नळदुर्गात शिरलो. दवाखान्याकडं वळायला आसिफ सांगत होते, पण गुरुलिंगनं गाडी थेट किल्ल्याशी नेली. "डाक्टरच्या हातात न्हाय हे," एवढंच म्हणाला. मी यास्मिनला उचलून त्याच्या मागं धावले. किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. त्या वर्षी पाऊस भरपूर झालेला, बांधावरून पाणी धो धो कोसळत होतं. बघायला आलेली माणसं फोटो काढत होती.

गुरुलिंग खालच्या अंगाला नदीकाठी गुडघ्यांवर बसला. ओंजळ भरली आणि यास्मिनसमोर धरली. सिद्धम्माच्या बोलीत, कानडीत म्हणाला, "अव्वा, नीर कुडी." आई, पाणी पी.

ओंजळ रिकामी झाली. बोटांच्या फटीतून एक थेंब खाली पडला नाही.

त्यानं पुन्हा भरली. पुन्हा रिकामी. तो भरत राहिला, रडत राहिला, आणि त्याचे तळहात प्रत्येक वेळी कोरडे.

मग यास्मिन माझ्या कडेवरून वाकली. माझ्या पोरीला कानडीचा एक शब्द येत नाही.

"ब्याड," ती म्हणाली.

ब्याड म्हणजे नको.

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

दुसऱ्या क्षणी ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "अम्मी, तहान लागली." मी नदीचंच पाणी पाजलं. दोन घोटांत तिची तहान भागली आणि ती माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या ओठांवरच्या भेगा मी शोधत राहिले. त्या गेल्या होत्या.

गुरुलिंगच्या ओठांवर आल्या होत्या.

त्याला मुरुमला सोडलं, ते आजतागायत तो घरीच आहे. घागरीच्या घागरी पाणी पितो आणि तहान जात नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. खरं सांगते, आधी मला त्याची दया आली नव्हती. आता रात्री पाणी पिताना येते.

आम्ही महादेवीला भेटून आलो. पाणी आणायला ती त्या दिवशी शेतातल्या विहिरीकडं पळाली होती. परत आली तेव्हा सासू गेली होती, तोंड उघडं ठेवून. मी विचारलं, "तुमच्यात काय विधी असेल तो करू, खर्च आमचा. पण सासूबाईंना त्याला सोडायला सांगा."

तिनं आम्हाला चहा दिला. शांतपणे म्हणाली, "मरू देणार न्हाय ती त्याला. मेला की सुटला की त्यो."

या दसऱ्याला गाडीला हार घातला नाही. ती गॅरेजामागं झाकून उभी आहे. परवा बार्शीचं कुणीतरी बघायला येणार आहे. भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर घेऊ नका.

काल जेवताना यास्मिननं विचारलं, "अम्मी, गुरुलिंगचाचाला पाणी कोण पाजतं?"

"त्यांची बायको पाजत असेल, बेटा."

"न्हाय. दादी पाजती." ती भात कालवत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. "तोंडापर्यंत नेती... आन् माघारी घेती."

तुला कसं माहीत, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.