धवलगडचा पितळी मुखवटा

धवलगडाच्या पूर्वतटावर तांबडे फुटले, धुक्यातून नदीचे पात्र हळूहळू उघडे पडले, आणि चौघडा झडण्याआधीच सदरेसमोर भालदारांची गर्दी उसळली. कारण गादीचे वारस बाळराजे नदीउताराच्या चौकीवर झटापटीत ठार झाल्याची वर्दी गडावर आली होती.

गादी बळकावून बसलेल्या हैबतराव घारग्यांनी बाळराजांना कधी पाहिलेच नव्हते. राजे आजोळी वाढलेले. त्यांना समक्ष पाहिलेली माणसे गडावर दोनच: वृद्ध सटवाजी ओतारी आणि त्याचा चितारी मुलगा रुद्राजी. म्हणून हैबतरावांनी रुद्राजीकडून बाळराजांच्या तसबिरी काढवून घेऊन चौकीचौकीवर टांगल्या होत्या. आता मेलेल्या चेहऱ्याचा पितळी मुखवटा पुरावा म्हणून सुभ्याला धाडायचा, यासाठी सटवाजीला बोलावणे आले.

सटवाजीने प्रेतावरची चादर सारली. दाढी सफाचट, अंगावर जरीचा अंगरखा. पण बापाला का लेकाचा चेहरा ओळखू येत नाही? तो रुद्राजी होता; गडाने त्याला दाढीशिवाय कधी पाहिलेच नव्हते. शेजारी ठेवलेली चौकीवरची तसबीरही त्याचीच, बिनदाढीची. पोराने आरशात बघून स्वतःलाच रंगवले होते, आणि तेच तोंड घेऊन तो चौकीवर चालत गेला होता; बाळराजे मेले म्हणून पहारे उठावेत आणि गडाच्या मुलखात लपलेले खरे बाळराजे आजोळी निसटावेत, एवढ्यासाठी.

"सटवाजी, नीट बघून सांग," हैबतराव म्हणाले. "हेच ना बाळराजे?"

नाही म्हटले की स्वार सुटणार आणि बाळराजे सांजेपर्यंत हाती लागणार. सटवाजीला ना हुंदका आला, ना संताप. हातपाय दुसऱ्याचेच वाटत होते.

"हेच, सरकार."

"आणि तुझा चितारी कुठे आहे?"

"रंग आणायला बंदरावर गेलाय."

अहो, कसले काळीज म्हणायचे हे! राळ घातलेले कोमट मेण त्याने पोराच्या गालांवर दाबले, नाकपुड्यांपाशी अंगठा जपून फिरवला आणि त्या साच्यावरून मुखवटा ओतला. घरी बायकोने विचारले, "रुद्रा कधी येणार हो?" "येईल की," म्हणून तो जेवायला बसला. भाकरीला चव नव्हती, तरी दोन खाल्ल्या.

मुखवटा पाहून हैबतराव खेकसले, "मिटल्या डोळ्यांनी कोण ओळखणार? डोळे उघड याचे!"

ओताऱ्यांची रीत अशी, की मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी कोरायचे आणि कोरताना समोर आरसा धरायचा, म्हणजे पहिली नजर कारागिरावर पडत नाही. सटवाजीने आरसा घेतलाच नाही. छिन्नी चालली, आणि लेकाची नजर थेट बापावर पडली. तेव्हाही त्याला रडू आले नाही.

मुखवटा सुभ्याकडे रवाना व्हायच्या आतच, नवव्या दिवशी, बाळराजे आजोळचे दोन हजार स्वार घेऊन परतले. पहारे सैल पडले होते. गड एका दुपारी पडला आणि हैबतराव कैद झाले.

भरदरबारात बाळराजांनी तो मुखवटा दोन्ही हातांत घेतला. "सटवाजीबाबा, रुद्राजींनी आम्हांस जीवदान दिले आणि आपण ते राखलेत. गाव मागा, मानपान मागा. शब्द खाली पडणार नाही."

सटवाजीने वाकून मुजरा केला.

"गाव नको, महाराज. नऊ दिवस झाले, घरी बोललो नाही. आता त्याच्या आईला सांगू का?"