काठवट

धरणाच्या पाण्यातून एक माणूस वर आला, डोळ्यांवरचा मोठा चष्मा कपाळावर सरकवला आणि काठावर शेळ्या चारणाऱ्या वर्षालीला थेट पत्ताच विचारला.

“चावडीच्या डाव्या हाताले कोनाचं घर होतं?”

बारा वर्षं पाण्याखाली असलेल्या गावातला पत्ता... तिला हसू फुटलं. “आमचंच. चाय प्याले गेलते का?”

“गेलतो. कोनी दारच उघडलं नाई.”

हा अंकुश. वडनेरच्या विहिरीत पोहायला शिकलेला, आता समुद्रातली बुडालेली जहाजं आणि बंदरं धुंडाळणारा. पाण्याखालचं पुरातत्त्व म्हणतात त्याला. इथल्या बुडालेल्या देवळाची मापं घ्यायला तो महिनाभर आला होता. “आमी वस्तू सहसा काढत नाई,” तो सांगायचा. “कोन्ती वस्तू कुठं पडली, ते लिवून घेतो. मानसं कशी जगत होती ते त्याच्यातून समजते.” सांगताना तो तिच्याकडे पाही, आणि ती... शेळ्यांकडे.

“मायची काठवट माळ्यावरच राह्यली,” एकदा ती म्हणाली. गाव सोडायच्या घाईत कणीक मळायची ती लाकडी परात विसरली, आणि माय त्याच साली गेली.

धरणाच्या साहेबांची परवानगी काढून, फोटो घेऊन अंकुशनं ती वर आणली आणि तिच्या अंगणातल्या ड्रमात बुडवून ठेवली. “रोज पानी बदलवजो. एकदम वाळली तं तडकते. लाकडाचं औषध घेऊन मी येतो.”

“लवकर येजा.”

“काठवटीसाठी... का अजून कोनासाठी?”

तिचे कान लाल झाले.

तो गुजरातच्या किनाऱ्यावर गेला. दर रविवारी फोन. “पानी बदलवलं?” एवढंच विचारायला, आणि मग तासभर गप्पा.

एके दुपारी वर्षाली आर्वीच्या बाजाराला गेली होती. तिच्या वडिलांनी, अण्णाजींनी, काठवट ड्रममधून काढून उन्हात ठेवली. बायकोची वस्तू किती दिवस पाण्यात ठेवायची, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी ती मधोमध फुटली. दोन दिवस अण्णाजी जेवले नाहीत.

दोन रविवार वर्षाली फोनवर खोटं बोलली. तिसऱ्या रविवारी अंकुश म्हणाला, औषध भेटलं, येतो. मग सांगावंच लागलं.

पलीकडून, लाटांच्या आवाजात, अंकुशनं विचारलं,

“मंग आता... तुलेच घ्याले येऊ का?”

अंगणात अण्णाजी ते दोन तुकडे तारेनं बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते.

“बाबाले एकडाव गावातून काढलं, तवाच ते तडकले,” ती म्हणाली. “आता मीबी गेली तं... माहा जीव तुह्यातच हाये, अंकुश. पन तू येऊ नोको.”

त्याला ‘तू’ म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती.

सकाळी उठून तिनं सवयीनं ड्रम रिकामा केला. विहिरीवरून चार खेपा केल्या, तो काठोकाठ भरला. मग तिला आठवलं.