बोलका स्लॅब

२०७१ साली घर घ्यायचं तर ते आधी शेजाऱ्यांनी भरून पाहावं लागे. पूर्वी चाचणीला खोलीत पाण्याच्या पिशव्या रचत. आता पाणी इतकं महागलं होतं की त्यापेक्षा माणसं परवडत. सोसायटीतले लोक एकेक करून खोलीत येऊन उभे राहत. त्यांना भारकरी म्हणत. घेणाऱ्यानं प्रत्येकाला पेढा द्यायचा, अशी रीतच पडली होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात तपासनीस यशोधरा खोत कानाला श्रवणयंत्र लावून दाराशी उभी होती.

"मॅडम, स्लॅब बोलतो म्हणजे काय हो?" घर घेणारे हिवाळे सर पेढ्यांचा बॉक्स सांभाळत म्हणाले.

"काँक्रीटला आठवण असते, सर. आजवर जेवढं ओझं पेललं, तेवढ्यापर्यंत ते गप्प. त्यापुढे आत बारीक तडे जातात, त्यांची टिकटिक हे यंत्र ऐकतं."

"आमच्या नातवाच्या बारशाला इथे पन्नास पानं उठलीत!" घरमालकीण कुमुदताई अभिमानानं म्हणाल्या.

"मग पन्नासापर्यंत हा हूं की चूं करणार नाही."

"आणि केलंच तर?"

"तर आतून खचलाय म्हणायचं."

आठवा भारकरी आत आला आणि स्लॅब बोलला.

"आता कुणी येऊ नका. आहात तिथेच उभे राहा," यशोधरा म्हणाली. सगळे थांबले, टिकटिक थांबेना. दाराखालचं बीम संपलं होतं आणि बाहेर पडायला वाट तीच. ते आणखी किती जणांना जाऊ देईल, तो आकडा यंत्राच्या पडद्यावर आला: सात. खोलीत तिच्यासह अकरा जण होते. तिनं अग्निशमन दलाला संदेश धाडला. शिडी यायला वीस मिनिटं लागणार होती. स्लॅबकडे नऊ होती.

हिवाळे सरांनी पडदा पाहिला. "एवढेच जाऊ शकतील?" त्यांनी हळूच विचारलं. तिनं मान डोलावली. खरं सांगितलं तर सगळे दाराकडे धावणार, मग एकही वाचणार नाही. अशा वेळी क्रम तपासनिसानं लावावा, एवढंच नियमात होतं. कसा लावावा, ते नियम करणाऱ्यांनी सोयीनं मोघम ठेवलं होतं.

"कुमुदताई, खाली सही करून या. सावकाश."

मग एकेक. "आधी तुम्ही, भाऊ." "छे हो, तुम्ही व्हा पुढे." त्या आग्रहातही वेळ जात होता. सर शांतपणे पेढे वाटत उरलेल्यांना जागेवर खिळवून ठेवत होते.

सहा जण गेले. आता एकच जण जाऊ शकत होता.

"त्या मंदाकाकूंना सोडा आता," सर म्हणाले. "त्यांचे गुडघे दुखतायत."

यशोधरेनं उरलेल्या भारकऱ्यांतल्या मंदाकाकूंकडे पाहिलं. काकू पेढा खात हसल्या. तिला स्वतःची किळस आली, तरी पाय उंबऱ्याकडे वळलेच.

"आलेच मी," ती म्हणाली.

ती जिन्यावर पोहोचली तेव्हा श्रवणयंत्र कानातच होतं. टिकटिकीच्या आडून सरांचा आवाज येत होता, वर्गात बोलावं तसा: "कुणी हलायचं नाही हं, मॅडम येईपर्यंत."