टाय रॉडवरचा काळा रंग

ताडपत्रीवर एकोणीस वस्तू मांडल्या होत्या. काचेचे सात तुकडे. रेडिएटरच्या जाळीचे चार. दिव्यांच्या दोन कड्या, एक चाक, एक दार, मधोमध दुमडलेला बंपर, डेन्झिल पास्कोचा डावा बूट. आणि टाय रॉडचे दोन तुकडे.

सार्जंट मेरिन ट्रेगिल्गसने सतरा वस्तूंना हात लावला नाही. शेवटच्या दोन उचलून तिने खिडकीपाशी नेल्या.

टाय रॉड म्हणजे स्टीअरिंगचं म्हणणं चाकापर्यंत पोचवणारी पोलादी नळी. वॉलारूहून मूंटाकडे जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर ती तुटली. चोपन्न सालची होल्डन, आठ वर्षं खपून नव्यासारखी केलेली, ऐन वेगात डावीकडे वळली आणि विजेच्या स्टोबी खांबावर आदळली. ते खांब पोलाद आणि काँक्रीटचे असतात. खांब हलला नाही. डेन्झिल पाऊण तास जिवंत होता.

तुटल्या जागी रंगाचा पापुद्रा उचकटला होता. वर चकचकीत काळा रंग. त्याखाली गुलाबी पुट्टी. पुट्टीखाली पोलादाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. नव्या नळीची जाडी साडेतीन मिलिमीटर असते. इथे कॅलिपरने एके ठिकाणी अर्धा मिलिमीटर दाखवला.

मेरिनने पोलीस व्हायच्या आधी धातुशास्त्राची पदवी घेतली होती. गंजाने असे खड्डे पडायला वीस वर्षं लागतात, हे तिला ठाऊक होतं. आणि हा रॉड तीन आठवड्यांपूर्वीच साफ करून बसवलेला होता.

*

डेन्झिलची मुलगी टॅम्सिन शेडच्या दारात उभी होती. वय एकोणतीस. चार दिवस झोपली नसावी.

"मला पकडून न्यायला आलात का?" तिने विचारलं.

"कशासाठी?"

"बाबांना मीच मारलं म्हणून. गावाला माहीत आहे. तुम्हालाच उशिरा कळलं."

तिने कोपऱ्यातला प्लास्टिकचा पिंप दाखवला. मूंटात जुन्या गाड्यांचे लोक गंज असाच काढतात. पाण्यात धुण्याचा सोडा, वर बॅटरीचा चार्जर. वजा टोक गंजलेल्या भागाला, अधिक टोक भंगार पत्र्याला. भागाचा गंज सुटतो, पत्रा झिजत जातो.

"आणि तारा उलट्या जोडल्या तर?" मेरिनने विचारलं.

"तर पत्रा तसाच राहतो आणि भाग झिजतो." टॅम्सिनचा आवाज चिरकला. "त्या शुक्रवारी रॉड मी लावला. दोन नवे पत्रे कापून लावले. चार्जर चालू केला आणि बाबांना घेऊन अ‍ॅडलेडला निघाले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. घाई होती. लाल तार, अधिक टोकाची, कुठे लावली ते मला आठवत नाही. रोज रात्री आठवून बघते. कधी इकडे दिसते, कधी तिकडे."

"हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं?"

"कोणी नाही. नेव्हिलकाकांनी सहज विचारलं. मातीनंतर, हॉलमध्ये मांसाच्या पेस्टी खाता खाता. 'टॅम, तारा नीट बघितल्या होत्यास ना?' सगळा हॉल गप्प झाला."

मेरिन पिंपावर वाकली. चार्जर नव्हता, तो जुन्या गाड्यांच्या क्लबचा, त्या रविवारीच परत गेला होता. दोन्ही पत्रे तपकिरी गाळाने माखून लोंबत होते. पिंपाच्या काठावर पांढरी खपली धरली होती. ती खरवडताना सुरीला काहीतरी कडक लागलं. शिंपल्याची किरच, नखाएवढी.

"रॉड काळा कसा?" तिने उठत विचारलं.

"बाबा स्टीअरिंगचे आणि ब्रेकचे भाग नेहमी फिकट राखाडी रंगवायचे. तडा गेला तर दिसायला हवा म्हणून. पुट्टीला तर हातही लावू द्यायचे नाहीत. मी बघितलं नाही, पण काका म्हणाले, राखाडी संपला होता म्हणून बाबांनीच काळा मारला."

मेरिनने फळीवरचा राखाडी रंगाचा डबा हलवला. आत रंग डचमळला. अर्धा डबा भरलेला होता.

शेजारी तिसरा पत्रा होता, त्याच मापाचा, न वापरलेला. तो आणि पिंपातले दोन तिने पुरावा म्हणून बांधून घेतले.

*

नेव्हिल पास्को, डेन्झिलचा थोरला भाऊ, मूंटा बे इथे किनाऱ्यालगत राहायचा. अंगणात उपडी घातलेली बोट होती आणि तिच्या बुडावर गुलाबी ठिगळं. तो बादलीत शिंपल्यांचं मांस मिठात कालवत होता. गळाला लावायला.

"या सार्जंटबाई. मासे पकडायला आलात की माणसं?"

"शेडची किल्ली तुमच्याकडे होती?"

"अर्ध्या गावाकडे होती. डेन्झिलला कुलपाचा कंटाळा."

"त्या शनिवार-रविवारी तिथे कोण गेलं?"

"मीच. रविवारी. चार्जर बंद केला, क्लबात नेऊन दिला. पोरीला लावता येतं, बंद करायला म्हातारे लागतात."

"रॉड कोणी बाहेर काढला?"

"मीच काढून बाकावर ठेवला."

"तेव्हा कसा दिसत होता?"

"स्वच्छ. तोंड बघून घ्यावं असा."

"रंग कोणी मारला?"

"डेन्झिलने. आल्यावर."

"एका डोळ्यावर पट्टी असताना?"

नेव्हिलने मूठभर मीठ बादलीत टाकलं. "हट्टी होता हो माझा भाऊ. त्याला कोण सांगणार?"

मेरिनने गाडीत बसून अ‍ॅडलेडला डॉक्टरांना फोन केला. मग बोटीच्या ठिगळाचा खरवडा, रॉडवरची पुट्टी आणि पिंपातली खपली प्रयोगशाळेला दिली. अहवाल आल्यावर टॅम्सिन आणि नेव्हिल दोघांना कादिनाच्या चौकीत बोलावलं.

*

चौकीतल्या टेबलाच्या एका बाजूला नेव्हिल, दुसऱ्या बाजूला टॅम्सिन. मेरिन उभीच राहिली.

"पिंपात सोडा होता," ती म्हणाली. "नुसत्या सोड्यात तारा उलट्या राहिल्या तरी पोलाद फार हळू झिजतं. दोन दिवसांत वरची कातडी जाईल, एवढंच. अर्ध्या मिलिमीटरवर यायला मीठ लागतं. प्रयोगशाळेने सांगितलंय, पिंपात मीठ आहे. किलोने. आणि त्या मिठात शिंपल्याची किरच आहे. टॅम्सिन शिंपले खारवत नाही."

"किनाऱ्यावर सगळेच खारवतात," नेव्हिल म्हणाला.

"खरंय. म्हणून पुढचं ऐका. चार्जर रविवारी परत गेला. म्हणजे जे काही झालं, ते रविवारच्या आत झालं. रविवारी तुम्ही रॉड बाहेर काढलात तेव्हा तो चाळणी झालेला होता. तुम्ही मला सांगितलंत, स्वच्छ होता. तिथेच तुम्ही सापडलात."

नेव्हिलने खुर्ची मागे सरकवली.

"ते खड्डे बघून कुणीही रॉड फेकून दिला असता. कुणीतरी ते पुट्टीने बुजवले. त्यावर जाड काळा रंग चढवला, कारण फिकट राखाडीतून डेन्झिलला पुट्टी दिसली असती. डॉक्टर सांगतात, डेन्झिलला पंधरा दिवस रंगाच्या वासाजवळही जायची परवानगी नव्हती. सोमवारी दुपारी घरी येऊन तो पडून राहिला, तोवर रॉड गाडीला बसलाही होता. पुट्टी तुमच्या बोटीच्या बुडावरची आहे. दोन्ही नमुने जुळले."

भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. टॅम्सिनने विचारलं, "का, काका?"

नेव्हिलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"लायल आठवतो?"

लायल त्याचा मुलगा. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी रस्त्यात कांगारू आडवं आलं, गाडी उलटली. चालवत होती टॅम्सिन. लायल गेला, तिला खरचटलं. कोर्टाने तिला निर्दोष सोडलं.

"सगळे म्हणाले, पोरीचा दोष नाही," नेव्हिल म्हणाला. "कोर्ट म्हणालं. माझा भाऊ तर पहिल्या दिवशीच म्हणाला. मला मिठी मारून म्हणाला. मला वाटलं, हिचा कोणीतरी जावा, आणि तो हिच्याच हाताने गेला असं गावाने म्हणावं. मग बघू हिला झोप लागते का."

"पण ते तुमचे भाऊ होते," टॅम्सिन पुटपुटली.

"तो तुला माफ करून बसला होता."

मेरिनने कागद पुढे सरकवला. "तारा उलटवल्या, मीठ टाकलं, पुट्टी भरली, रंग मारला. सही करा."

नेव्हिलने कागद वाचला. पेन उचललं आणि पहिल्या शब्दांवर रेघ मारली.

"मीठ मी टाकलं. पुट्टी माझी, रंग माझा, बसवलाही मीच. तारांना मी हात लावला नाही." तो टॅम्सिनकडे वळला. आवाज अगदी मायेचा होता. "शुक्रवारी रात्री सहज डोकावलो, तर उलट्याच लावल्या होत्यास गं तू. मला वाटलं, पोर स्वतःच अर्धं काम करून गेलीय."

"खोटं बोलतोय," मेरिन म्हणाली. "टॅम्सिन, ऐकू नकोस. जाता जाता चावतोय."

"मग तोला की पत्रे," नेव्हिल म्हणाला. "दोन नवे लावले होते, तिसरा फळीवर आहे. एकाच मोठ्या पत्र्यातून सारख्या मापाचे कापलेले. तिने सरळ जोडल्या असत्या तर मी येईपर्यंत, सोड्यात का होईना, पत्रे थोडे तरी झिजले असते. सार्जंटबाईंना शास्त्र येतं म्हणे."

"गरज नाही," मेरिन म्हणाली. "तुमच्या कबुलीवर खटला उभा राहतो."

"मला आहे," टॅम्सिन म्हणाली.

"टॅम्सिन, घरी जा."

"मला कळू दे. काहीही असू दे. रोज रात्री तार इकडून तिकडे हलते. तिला एका जागी बसवा."

मेरिन पुराव्याच्या खोलीत गेली. पत्रे आणले, नळाखाली ब्रशने घासून गाळ काढला, ओव्हनमध्ये वाळवले. चौकीतला तराजू अमली पदार्थ मोजायचा होता. त्याला ग्रॅमभराचा फरकही कळायचा. टॅम्सिन टेबलाची कड धरून उभी होती. नेव्हिल हात मांडीवर ठेवून बसला होता.

मेरिनने आकडे वाचून दाखवले आणि लिहिले.

न वापरलेला पत्रा: ६४१ ग्रॅम.

पिंपातला पहिला: ६४१ ग्रॅम.

पिंपातला दुसरा: ६४१ ग्रॅम.